सात कप चहा, रात्री तीनची जाग आणि हरतालिकेची डोकेदुखी

पत्र असं आहे:

"मावशी, नमस्कार. मी इंदूरला रामबागेत राहते, वय ४४, सियागंजला एका फर्ममध्ये अकाउंट्स बघते. चहाचं खरं खरं सांगते. सकाळी सहाला पहिला, आठला पोह्यांसोबत दुसरा, अकराला ऑफिसात, दीडला जेवण झाल्याबरोबर, चारला गुमटीवर (चहाच्या टपरीवर), साडेसहाला घरी आल्या आल्या आणि रात्री साडेनऊला ह्यांच्यासोबत एक. चार महिन्यांपासून झोपेचं पार वाटोळं झालंय. झोप लागते बरोबर, पण तीनला डोळे टक्क उघडतात आणि छातीत धडधड होते. दिवसभर चिडचिड, चारच्या सुमाराला तर कोणी बोललेलं सहन होत नाही, मुलीवर ओरडते आणि मग मलाच रडू येतं. पाळीत फार जातं म्हणून डॉक्टरांनी तेव्हाच गोळ्या चालू केल्यात, लोहाची गोळी पण आहे, ती मी नाश्त्यानंतर न विसरता चहासोबत घेते. हरतालिका मी निर्जळ करते, यंदा दुपारपासून डोकं असं फुटायला लागलं की पूजेला बसवेना, उलटीही झाली. रविवारी उशिरा उठलं तरी डोकं दुखतं, गोळी घेतली की उतरतं. सासूबाई म्हणतात चहा सोड, सगळं बरं होईल. ह्यांचं म्हणणं की तुझा स्वभावच असा झालाय. ऑफिसातली मैत्रीण म्हणते ग्रीन टी घे, त्यात कॅफिन नसतं. मोबाइलवर एकीकडे वाचलं की चहाने डिप्रेशन येतं, दुसरीकडे वाचलं की चहाने मन शांत होतं. खरं काय आहे? एकदम सोडून देऊ का?
– रामबागेतली एक वाचक"

अगं, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, नाहीतर तू उद्या सकाळीच काहीतरी करून बसशील. नाही, एकदम सोडू नकोस. सातवरून शून्यावर आलीस तर हरतालिकेचा तो दिवस तुला परत काढावा लागेल, तोही आठवडाभर, आणि घरातले म्हणतील की बघा, चहा सोडला तरी हिचं तसंच चाललंय. दुसरं म्हणजे ह्यांना सांग की हा स्वभाव नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईचा स्वभाव चार महिन्यांत बदलत नसतो. चार महिन्यांपूर्वी काय झालं ते तुझ्याच पत्रात लिहिलेलं आहे, त्यावर मी येतेच, पण आधी चहा मेंदूत पोचून करतो काय ते समजून घे, मग अर्ध्या गोष्टी तुझ्या तुलाच उलगडतील. मी डॉक्टर नाही, फार्मसीच्या मुलामुलींना औषधं शरीरात काय करतात ते शिकवत आले, त्यामुळे तपासणीचं आणि गोळ्या बदलायचं काम तुझ्या डॉक्टरांचंच, पण कॅफिनबद्दल मी तुला भरवशाने सांगू शकते.

आपण जागे असतो तोवर मेंदूतल्या पेशी काम करतात, ऊर्जा खर्च होते आणि त्या खर्चातून अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. सकाळी थोडा, दुपारी जास्त, रात्री भरपूर. पेशींवर त्याच्या बसायच्या जागा ठरलेल्या असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. तिथे अ‍ॅडेनोसिन बसलं की पेशी मंदावतात, अंग जड होतं, जांभया येतात. आता कॅफिनचा रेणू अ‍ॅडेनोसिनशी इतका मिळताजुळता की तो त्याच जागांवर जाऊन बसतो, पण बसून पेशीला मंद करायचं काम काही करत नाही. सरवटे स्टँडवर उज्जैनची बस लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तस्सं. रुमाल काही प्रवास करत नाही, पण जागा अडली, आणि ज्याला बसायचं होतं तो उभाच. म्हणजे चहाने थकवा जात नाही गं, तो जिथल्या तिथे असतो, फक्त मेंदूपर्यंत त्याचा निरोप पोचत नाही. आणि रुमाल उचलले गेले की इतका वेळ ताटकळलेलं अ‍ॅडेनोसिन एकदम येऊन बसतं.

आता तुझं चार वाजता डोकं फिरतं ते घे. तू तीनला जागी होतेस. दुपारचे चार वाजेपर्यंत तुझे तेरा तास जागून झालेले असतात, म्हणजे सहाला उठणाऱ्या माणसाला संध्याकाळी सातला जेवढं थकायला होतं तेवढी तू चारलाच थकलेली असतेस, वर समोर लेजरचे हिशेब आणि घरी मुलगी. मग एक कप, त्यावर साडेसहाला अजून एक, आणि त्याच कपांमुळे परत रात्री तीनला जाग. हे चक्र आहे. ह्यात तुझा दोष शोधत बसू नकोस, कुठल्या कपापासून ते तोडायचं एवढंच बघायचं.

एक गोष्ट मात्र लोकांच्या लक्षातच येत नाही. पहिल्या घोटाला जे बरं वाटतं ना, ते कॅफिन नसतंच. कॅफिन रक्तात नीट चढायला अर्धा-पाऊण तास लागतो. पहिल्या घोटाला बरं वाटतं ते आल्याच्या वासाने, हातातल्या गरम कपाने, सकाळी सहाला ओट्यापाशी उभं राहून कोणी हाक मारायच्या आतली जी दहा मिनिटं मिळतात त्यांनी. हे मी मुद्दाम सांगतेय कारण पुढे तुला काही कपांतली पत्ती काढायची आहे, आणि पत्ती काढली तरी त्या कपातलं हे सगळं शिल्लक राहतं.

कॅफिन चढल्यावर जी हुशारी येते ती खरी असते. डोपामाइन हे मेंदूतलं उत्साहाचं रसायन, अ‍ॅडेनोसिन त्याचा जोर दाबून ठेवत असतं, ते बाजूला झालं की डोपामाइनचं काम मोकळं होतं, उत्साह वाटतो, आकडेमोडीत लक्ष लागतं. पण रोज घेणाऱ्याच्या शरीराला त्याची सवय होते, आणि मग सकाळच्या कपाने जी तरतरी येते त्यातला बराच भाग रात्रभर कॅफिन न मिळाल्याची कसर भरून निघण्याचा असतो. म्हणजे चहा न पिणारा सकाळी जिथे असतो, तिथपर्यंतच आपण पहिल्या कपाने पोचतो.

आता गोळ्यांवर येते. पाळीच्या रक्तस्रावासाठी तुला ज्या गोळ्या दिल्यात त्यांचं नाव तू लिहिलं नाहीस, पण त्यात इस्ट्रोजेन हे हार्मोन असेल, म्हणजे गर्भनिरोधक गोळ्यांसारखं कॉम्बिनेशन असेल, तर माझं अर्ध उत्तर तिथेच आहे. कॅफिन शरीरातून काढून टाकायचं काम लिव्हरमधलं एक एन्झाइम करतं. साधारण मोठ्या माणसात कपातलं कॅफिन निम्म्यावर यायला पाचेक तास लागतात, कोणाला तीन तर कोणाला सात-आठ, माणसामाणसात खूप फरक असतो. सिगरेट ओढणाऱ्यात ते भराभर संपतं, गरोदरपणात फार सावकाश. आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी ह्या एन्झाइमचा वेग मंदावतो, निम्म्यावर यायचा वेळ जवळपास दुप्पट होतो. म्हणजे तू तोच चहा, त्याच वेळेला, तेवढाच पितेस, पण अंगात राहतो दुप्पट वेळ.

हिशेब तुझ्या रोजच्या कामातला आहे, म्हणून हिशेबच मांडते. निम्म्यावर यायला दहा तास धर. साडेसहाचा कप पहाटे साडेचारला अजून अर्धा शिल्लक. साडेनऊचा तर सकाळी साडेसातला अर्धा शिल्लक, आणि तोवर तू सहाचा नवीन कप घेऊन मोकळी झालेली असतेस. शिवाय चारचा, दीडचा, सगळ्यांची मागची बाकी पुढे ओढली जातेय. रात्री अकराला झोप लागते कारण तू थकलेलीच इतकी असतेस की अडवलेल्या जागांमधूनही अ‍ॅडेनोसिन वाट काढतं. पहिले तीन-चार तास गाढ झोप झाली, तो साठा थोडा उतरला, की मग कॅफिनचं पारडं जड होतं आणि डोळे टक्क. छातीतली धडधड पण ह्याच्याशी जुळते, कॅफिनने अ‍ॅड्रेनलिन वाढतं. तरी धडधड ही गोष्ट फक्त चहावर ढकलून सोडून द्यायची नाही, त्याचं खाली सांगते.

"पण मला तर चहा पिऊनही झोप लागते" असं सांगणारे घरोघरी आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट. २०१३ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला, त्यात झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं तरी मशीनने मोजलेली झोप तासाभराहून जास्त कमी झाली, आणि लोकांना स्वतःला ते तेवढं जाणवलं नव्हतं. ४०० म्हणजे खूप झालं, आपल्या चहाच्या एका कपाच्या कितीतरी पट. पण दिवसभराची बाकी ओढत आणलेल्या आणि दुप्पट सावकाश उतरणाऱ्या अंगाला कमी कॅफिनही पुरतं.

तुझ्या सात कपांचं एकूण बघ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन धरलंय, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, बिया दळून केलेल्या कॉफीत ८० ते १२०, आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम. आपली दाणेदार सीटीसी पत्ती, तीही दुधात खळखळून उकळलेली, म्हणजे पत्तीतलं कॅफिन बहुतेक सगळं कपात उतरतं. तरी मी ४० च धरते. सात चोक अठ्ठावीस, २८०. म्हणजे तू काही अघोरी पीत नव्हतीस, मर्यादेच्या आतच होतीस, आणि गोळ्या चालू होईपर्यंत ते तुला चालूनही जात होतं. म्हणून सांगते, गोळ्यांचं नाव बघ. आणि हे वाचून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नकोस, मध्येच बंद केल्या तर रक्तस्राव उसळू शकतो. डॉक्टरांना फक्त सांग की मी दिवसाला इतका चहा घेते, गोळ्या चालू झाल्यापासून झोप गेलीय आणि धडधड होते. बहुतेक बायका ओपीडीत चहाचा विषयच काढत नाहीत, आणि डॉक्टरांना गर्दीत विचारायला वेळ नसतो.

हरतालिकेचं आता. मला वाचून वाईट वाटलं, कारण दरवर्षी कितीतरी बायका हे असंच सोसतात आणि उपासाचा अशक्तपणा म्हणून सोडून देतात. आदल्या रात्री साडेनऊला तुझा शेवटचा चहा, दुसऱ्या दिवशी पाण्याचा थेंब नाही. कॅफिन बंद झाल्यावर डोकेदुखी सुरू होते ती बारा ते चोवीस तासांनी, सगळ्यात जोरात असते एक-दोन दिवसांत, आणि पूर्ण निवळायला कोणाला दोन दिवस तर कोणाला नऊ. तुझं दुपारी सुरू झालं, बरोबर त्या वेळेत. कॅफिन मेंदूतल्या रक्तवाहिन्या जरा आवळून धरतं, ते नसलं की त्या रुंदावतात, रक्ताचा ओघ वाढतो, डोकं ठणकतं. सोबत मळमळ, चिडचिड, उदास वाटणं, कशात लक्ष न लागणं, अंग मोडून आल्यासारखं होणं. हे कोणाच्या मनाचे खेळ नाहीत, अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये कॅफिन सुटण्याचा त्रास आपल्या अधिकृत यादीत घेतलाय, आणि तो दिवसाला दोन-तीन कप घेणाऱ्यालाही होऊ शकतो. निर्जळ म्हटल्यावर पाण्याची कमी आणि रिकामं पोट ह्यांचाही हात असतोच, नाही असं नाही. पण तुझी रविवारची डोकेदुखी बघ, तिथे तर उपास नाही, पाण्याची तूट नाही. फक्त सहाचा कप नऊवर गेला. म्हणजे हे कॅफिनचंच दिसतंय.

पुढच्या वर्षी हरतालिकेच्या दोन आठवडे आधीपासून कप कमी करत आण, पूजेला नीट बसशील. आणि पाळी अंगावर इतकी जात असताना, लोहाची गोळी चालू असताना निर्जळ करावं की फळं-पाणी घेऊन करावं, हे सासूबाईंशी बोल. आपल्याकडे कितीतरी घरांत फळं घेऊनच करतात. ह्या बाबतीत मी तुझ्या बाजूची आहे.

रविवारी जी गोळी घेतेस तिच्या पट्टीच्या मागे काय छापलंय ते वाच. डोकेदुखीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये वेदनाशामकासोबत कॅफिन घातलेलं असतं, तुझ्या गोळीत ते असेल तर म्हणूनच ती तुला लागू पडते, कारण खरं म्हणजे ती उशीर झालेला चहाच देते. अशी मिश्र गोळी महिन्यात दहा किंवा जास्त दिवस घेतली जायला लागली की गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं, हा वेगळा आजार आहे आणि मायग्रेन समजून लोक त्यात वर्षानुवर्षं अडकतात. तुझं किती दिवस होतं ते कॅलेंडरवर टिपून ठेव.

आणि लोहाची गोळी चहासोबत! अगं, तू ती न विसरता घेतेस ह्याचं मला खरंच कौतुक आहे, पण गोळीतलं लोह चहातले टॅनिन धरून ठेवतात आणि त्यातलं बरंचसं अंगी न लागता निघून जातं. वर दुधाचा चहा, दुधातलं कॅल्शियमही लोहाच्या आड येतं. म्हणजे इथे दुसरं चक्र आहे बघ. पाळीत रक्त जातं, लोह कमी पडतं, लोह कमी म्हणून थकवा आणि धाप आणि धडधड, थकवा म्हणून चहा, चहा म्हणून लोह लागत नाही. त्या पोषण संस्थेने स्पष्ट लिहिलंय की जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा-कॉफी टाळा, ह्याच कारणासाठी. आपल्या इंदूरला हे कोणाला सांगायची सोय नाही, पोहे आणि चहा वेगळे करा म्हटलं तर लोक भांडायला उठतील. पण तुला करावं लागेल. पोह्यांवर लिंबू पिळ, चांगलं सढळ हाताने, लिंबातल्या क जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत होते. गोळी साध्या पाण्यासोबत किंवा लिंबूपाण्यासोबत घे, आणि पुढचा चहा थेट अकराला. (थायरॉइडची गोळी घेणाऱ्या सगळ्यांनी पण हे वाचा, सकाळची ती गोळी चहासोबत घ्यायची नाही, पाण्यासोबत घ्यायची आणि नंतर अर्धा-एक तास चहाला हात लावायचा नाही.)

तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं बरोबर नाही. ग्रीन टी, काळा चहा, ऊलाँग, सगळा एकाच झाडाचा पाला, कॅफिन सगळ्यांत. ग्रीन टी आपण उकळत नाही, नुसती गरम पाण्यात धरतो म्हणून कपात थोडं कमी उतरतं एवढंच. कॅफिन नसतं ते गवती चहात, तुळशीच्या काढ्यात, आलं-पुदिन्याच्या पाण्यात, पण त्यात पत्ती टाकली नाही तरच. आपल्याकडे गवती चहा म्हणून जो करतात त्यात पत्ती असतेच.

मन शांत होतं हे वाचलंस त्यात तथ्य आहे, पण अर्धवट. चहात एल-थिअनिन नावाचं अमिनो आम्ल असतं, १९४९ मध्ये जपानमध्ये ग्रीन टीत ते पहिल्यांदा सापडलं. ते मेंदूपर्यंत पोचतं आणि मेंदूच्या अल्फा लहरी वाढवतं, ज्या आपण जागे पण निवांत असताना जास्त दिसतात. कॅफिनसोबत दिलं तर लक्ष टिकतं आणि कॅफिनचा सैरभैरपणा थोडा आवरला जातो असं काही प्रयोगांत दिसलंय. पण त्या प्रयोगांत बहुतेक वेळा १०० ते २०० मिलिग्रॅम देतात आणि आपल्या एका कपात साधारण त्याचा पाव हिस्साही नसतो. त्यामुळे चहाने येणाऱ्या शांतपणाचं सगळं श्रेय थिअनिनला देऊन कोणी महागडी कॅप्सूल विकायला आलं तर घेऊ नकोस. तुझ्या बाबतीत तर कॅफिन इतकं साचलंय की थिअनिनचं काही चालणार नाही.

डिप्रेशनचं मात्र जरा सावकाश वाच. चहाने डिप्रेशन येतं असं नाही. लोकांची मोठी पाहणी करून जे अभ्यास झालेत त्यांत चहा-कॉफी घेणाऱ्यांमध्ये डिप्रेशन उलट थोडं कमीच सापडतं, अर्थात त्यावरून चहा हे औषध ठरत नाही. कॅफिनने वाढते ती घबराट, बेचैनी, ज्यांना पॅनिकचे झटके येतात त्यांना तर ते फार बाधतं. आणि महिनोन्‌महिने झोप मोडत राहिली तर कोणाचंही मन खाली जातं, कारणं शोधावी लागत नाहीत. पण तू लिहिलंस ना, ओरडते आणि मग रडू येतं, ते मी दोनदा वाचलं. चव्वेचाळीस म्हणजे पाळी जायच्या आधीचा काळही सुरू झालेला असू शकतो, त्यात झोप आणि मन दोन्ही हलतात, हार्मोनच्या गोळ्यांनीही काहींचं मन उतरतं. म्हणून झोप सुधारल्यावरही दोन आठवडे सलग उदास वाटत राहिलं, आवडीच्या गोष्टीत जीव रमेना, जगणं नको असं मनात आलं, तर चहाचा हिशेब बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं. टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास. जगणं नको असं वाटलं तर दोन आठवडे वाट बघायची नाही, त्याच दिवशी लावायचा.

आता करायचं काय. आधी रात्रीचा साडेनऊचा कप. कप ठेव, पत्ती काढ. गवती चहा, आलं, हवं तर दोन वेलदोडे आणि थोडं दूध, ह्यांच्यासोबत बसायचं ते बसायचंच, ती वेळ सोडायची नाही. तीन-चार दिवस असं झालं, डोकं शांत राहिलं, की साडेसहाच्या कपाचं तेच. परत तीन-चार दिवस. मग चारचा, आणि हा तुला सगळ्यात जड जाईल म्हणून तो दोन टप्प्यांत कर, गुमटीवर आधी फुलऐवजी कट (अर्धा कप) घे, मग त्याच्या जागी लिंबूपाणी नाहीतर ताक, पण मैत्रिणींसोबत खाली जायचं थांबवू नकोस, त्या पंधरा मिनिटांचा उपयोग चहाहून जास्त आहे. त्यानंतर पोह्यांसोबतचा आठचा काढायचा. दीडचा कप अडीचला ने, जेवणापासून तासभर लांब. म्हणजे तीन आठवड्यांत तू सहा, अकरा आणि अडीच अशा तीन कपांवर येशील, १२० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि अडीचनंतर पत्ती बंद. लोहाची गोळी मात्र उद्यापासूनच चहापासून लांब ने, आठचा कप निघेपर्यंत ती आठ आणि अकराच्या कपांच्या मधे पाण्यासोबत घे, त्यासाठी तीन आठवडे थांबायचं काही कारण नाही.

मध्ये एखाद्या दिवशी डोकं जड झालं तर घाबरू नकोस, भरपूर पाणी पी, आणि अगदीच सहन होईना तर अर्धा कट घे. तो पराभव नाही, कमी करायची पद्धतच तशी असते. अनंत चतुर्दशीला झांक्या (मिरवणुकीतले देखावे) बघायला रात्रभर जागायचं असेल त्या दिवशीही खुशाल घे, फक्त दुसऱ्या दिवशी परत जिथे होतीस तिथून. रविवारी उशिरा उठायचं असेल तर उठ, पण उठल्या उठल्या गोळीकडे हात नको, आधी चहा. तीन कपांवर स्थिर झालीस की रविवारची ती डोकेदुखी बरीच उतरलेली असेल.

मुलीला एकदा समोर बसवून सांग की माझी झोप होत नाहीये, त्याचं कारण सापडलंय, मी त्यावर काम करतेय, चारनंतर दोन आठवडे मला जरा सांभाळून घे. मोठी असेल तर तिला समजेल, लहान असेल तरी निदान आपलं काही चुकलं म्हणून आई ओरडते असं तिला वाटणार नाही.

डॉक्टरांकडे ह्याच आठवड्यात जा, तीन आठवडे संपायची वाट बघू नकोस. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडची टीएसएच करून घे, बीपी बघ, धडधडीसाठी एक ईसीजी काढायला सांग, कारण रक्त कमी असलं किंवा थायरॉइड जास्त चालत असलं तरी नेमकं असंच होतं. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडायला झालं किंवा बसल्या जागी धाप लागली तर अपॉइंटमेंट न बघता सरळ दवाखाना. रिपोर्ट आले की आकडे मला लिहून पाठव, आणि पाळीच्या गोळ्यांचं नाव पट्टीवर जसं छापलंय तसं, खालच्या बारीक अक्षरांसकट.